गवतातला धक्का

हिऊमा बेटावर समुद्र दर साली
तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा मागे जातो.
खरं तर तो जात नाही, जमीनच उठते.
कोणे एके काळी हजारो वर्षं बर्फ वाहिला तिनं,
अजून पाठ सरळ करते आहे.

काल्यूच्या बापानं बांधलेला धक्का
आता गवतात उभा आहे.
फळ्या कधीच्याच चुलीत गेल्या. उरले खुंटे.
शेवटच्या खुंट्याला, जिथे होडी बांधत,
मेंढ्या पाठ घासतात.

तालिनहून अनुदानाचा अर्ज आला.
कथा काय? – नाही.
पात्रं? – वारा, खुंटे, एक माणूस.
प्रेक्षकवर्ग?
इथे मी बराच वेळ पेन चावलं
आणि लिहिलं: मेंढ्या.
अनुदान आलं नाही.

कॅमेरा चावीचा.
पूर्ण पिळली की अठ्ठावीस सेकंद धावतो,
मग खरखरून थांबतो.
माझ्या गुडघ्यांशी त्याचं बरं जमतं.

रीळ मी घरीच धुते,
खिडकीला घोंगडी ठोकून,
जुनिपरच्या डहाळ्यांच्या काढ्यात.
मूठभर धुण्याचा सोडा, बाकी सगळं अंदाजपंचे.
काढा उकळला की घरभर तोच वास,
धुरी दिलेल्या लेप्यांचा,
आणि त्या वासामागोमाग आई,
ओल्या एप्रनला हात पुसत,
काहीतरी विचारायला आल्यासारखी.
नेमकी तेव्हाच पट्टी बाहेर काढायची होती.
राहिली चार मिनिटं जास्त.

समुद्र काळा ठिक्कर पडला.
ठेवला तसाच.

काल्यूला अकरा वर्षं दिसत नाही.
नावाचा अर्थ खडक; स्वभावही तोच.
तरी दर शनिवारी शेडमध्ये येतो,
प्रोजेक्टरच्या जवळची खुर्ची धरतो.
"इंजिन बरं चाललंय," म्हणतो.
मग हात पुढे करतो, आणि मी त्याला
गुंडाळी देते. तो ती बोटांतून सोडतो,
जाळं तपासावं तशी, वीतवीत.
"इथे गाठ आहे."
जोड आहे तो, काल्यू.
"इथे खरवडलंय."
पाऊस पडत नव्हता, म्हणून सुईनं पाडला.
"हे जरा जाड लागतंय."
तो समुद्र.
त्यावर तो हसला नाही. अंगठा
तिथेच राहिला.

ऑगस्टात त्याला गवतात नेलं.
म्हटलं, इथून धक्का सुरू होतो, तू चाल,
जिथे संपायचा तिथे थांब.
काठी त्यानं माझ्याकडे दिली.
मी चावी पिळली.

तो निघाला. हात जरा बाजूंना,
ओल्या लाकडावरून चालल्यासारखा,
पायाखाली कोरडं गवत, टोळ उडत होते.
मोजत होता, ओठ हलताना दिसत होते.
अठराव्या की एकोणिसाव्या पावलाला
कॅमेरा खरखरून थांबला,
आणि तेव्हाच काल्यूनं
एक पाय उंच उचलून
लांब ढांग टाकली.

"काय झालं?"
"फळी नाही इथे," तो म्हणाला.
"त्या हिवाळ्यात तुटली. बाबा बसवणार आहेत."

हे माझ्याकडे नाही.
माझ्याकडे आहे ते असं:
गवत, पाठमोरा म्हातारा, गवत, अंधार.
नंतर एक मेंढी, कारण गडबडीत
चावी पिळून कॅमेरा भलतीकडे फिरवला.

तो शेवटच्या खुंट्याशी पोचला,
बूट काढून ठेवले शेजारी शेजारी,
बसला पाय सोडून.
समुद्र दूर, पत्र्यासारखा चमकत होता.
मेंढ्यांनी जागा करून दिली.

"लैदा, आवाज बंद झाला."
चालू आहे, मी म्हटलं.
"बरं," म्हणाला खडक,
त्याला यंत्रं कळतात,
आणि पाय हलवत राहिला,
जरा हळू,
पाणी उडू नये इतपत.